डबल युरियाच्या त्या मेसेजबद्दल

"हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, मग युरियातल्या नायट्रोजनने हवा कशी बिघडेल? ग्लोबल वॉर्मिंग हा शेतकऱ्याला लुटायचा डाव आहे, बिनधास्त डबल युरिया टाका, डबल माल काढा." हा मेसेज बरेच दिवस फिरतोय, मी सोडून देत होतो. पण आता तो मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलाय आणि खाली लिहिलंय की यंदा गव्हाला एकरी पाच गोण्या देणार. मग गप्प बसवत नाही.

78 टक्केवाला मुद्दा शाळेतलं पोरगंही खोडेल. हवेतला नायट्रोजन म्हणजे दोन अणूंची घट्ट जोडी, तो उष्णता अडवतच नाही. युरिया टाकल्यावर निघतो तो नायट्रस ऑक्साइड, वायूच वेगळा. मिठात क्लोरीन असतो म्हणून कोणी क्लोरीन वायू हुंगतं का? मातीतले जिवाणू युरियापासून झालेल्या अमोनियमचं नायट्रेट करतात, त्यात वर पाणी तुंबलं की माती कोंदते, मग दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करतात आणि ह्या सगळ्यात नायट्रस ऑक्साइड निसटतो. 100 वर्षांच्या हिशोबात ह्याचा एक किलो 273 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो.

आता गोणीचा हिशोब करा. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, ढोबळमानाने धरते की टाकलेल्या नायट्रोजनपैकी 1 टक्का असा उडतो. 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो नायट्रोजन, त्याचा एक टक्का, त्यात ऑक्सिजनचं वजन धरलं की साधारण 325 ग्रॅम वायू, म्हणजे जवळजवळ 89 किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, तोही एकाच गोणीमागे! 2019 च्या सुधारित आकड्यांत कोरड्या हवामानाला 0.5 आणि ओल्या हवामानाला 1.6 टक्के धरलाय, तेवढा फरक मान्य. युरिया बनवताना कारखान्यात जळतो तो गॅस ह्यात धरलेलाच नाही.

पण मला खरा राग आलाय तो "डबल माल"चा. आपल्याकडे वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची (म्हणजे नायट्रोजनची) शिफारस आहे, एकरी 48 किलो, म्हणजे सगळं युरियातूनच दिलं तरी सव्वादोन-अडीच गोण्या, अर्धं पेरताना आणि अर्धं तीन आठवड्यांनी. डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) टाकला असेल तर त्यातलं नत्र ह्यातूनच वजा करायचं. पाच गोण्यांनी गहू हिरवागार दिसेल, मावा ही कीड वाढेल, वारा आला की लोळेल, आणि उरलेलं नायट्रेट पाझरून विहिरीत उतरेल. दाणे दुप्पट होत नाहीत.

युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं नीम कोटिंग असतं, त्यामुळे सगळं सुटलं म्हणे. ते 2015 पासून सगळ्या युरियाला आहे, त्याने अमोनियमचं नायट्रेट हळू होतं, पण डबल टाकल्यावर त्याचा काय उपयोग?

खत बंद केलं की काय होतं ह्यावर श्रीलंकेचं उदाहरण देतात, ते मात्र खरं आहे, नाइलाजाने का होईना मान्य करतो. 2021 मध्ये तिथे रासायनिक खतावर एकदम बंदी आणली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. पण खत बंद करा असं इथे म्हणतंय कोण? मामा, शिफारशीएवढं टाका, वरच्या गोण्या आणूच नका, आणि तो मेसेज ग्रुपवरून काढा, कारण तो वाचून धाकट्या मामांनीही गोण्या सांगून ठेवल्यात.