शिंगराची आई कोण?

सकाळपासून डोकं तापलंय. घोडागाडी शर्यतीच्या एका ग्रुपवर शिंगरू विकायची जाहिरात आली. देखणं पोर, कान टवकारलेले, बघत राहावं असं. खाली बापाचं नाव, आज्याचं नाव, बापानं कुठल्या मैदानात कुणाला मागं टाकलं त्याचं रसभरीत वर्णन. आईबद्दल एवढंच: "घोडी घरचीच, साधी." मी विचारलं, घोडीचं नाव काय? उत्तर आलं, "ताई, घोडीला कोण विचारतंय." पुढं दात काढलेले चेहरे.

मी विचारतेय ना! अकरा महिने पोटात वागवलं ती साधी?

यातल्या निम्म्या पोरांच्या स्टेटसला फ्रँकेल या इंग्लंडच्या रेसच्या घोड्याचे व्हिडिओ असतात. १४ शर्यती, १४ जिंकल्या, एकदाही हरला नाही. त्याचा बाप गॅलिलिओ हेही सगळ्यांना तोंडपाठ. आता गॅलिलिओची आई कोण ते सांगा. झालं, बसली दातखीळ.

अर्बन सी तिचं नाव. १९८९ चा जन्म. १९९३ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या लाँगशाँ मैदानावर तिनं आर्क मारली, युरोपातली सगळ्यात मानाची शर्यत. भाव होता ३७ ला १, म्हणजे कुणी तिला धरतच नव्हतं. आणि एवढं करून तिचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. गॅलिलिओ तिचा, २००१ ची एप्सम डर्बी, इंग्लंडची मोठी शर्यत, त्यानं मारली. सी द स्टार्स तिचा, त्यानं २००९ या एकाच वर्षात टू थाउजंड गिनीज (हीपण इंग्लंडचीच मोठी शर्यत), डर्बी आणि आईनं मारलेली तीच आर्क घेतली. एकाचा बाप सॅडलर्स वेल्स, दुसऱ्याचा केप क्रॉस. बाप दोन, आई एक. आता बोला.

माझ्या मामाची सारजा होती. पंचगंगेकाठी गाव, मामाला घोडागाडीचा नाद. मी सुट्टीला गेले होते तेव्हा ती व्यायला झाली होती. मामीनं कंदील खाली धरून मला दाखवलं, सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब धरले होते. म्हणाली, आज रात्रीच. मामा झोपला. सारजा जमीन उकरत होती, बसत होती, उठत होती, मानेवरून घाम ओघळत होता. शिंगरू पडलं, तासाभरात लटपटत उभं राहिलं, परत पडलं, परत उठलं. सारजा त्याला चाटत नाकातल्या नाकात काहीतरी बोलत होती, तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. शिंगराच्या पोटात चीक गेला, वार पूर्ण पडली, मगच मामी जागची उठली.

तेच शिंगरू पुढं मोठं होऊन मैदानात उतरलं आणि नंबर काढला. काय तो गुलाल! फोटोत मामा, गाडीवान, आणि ज्याच्या घोड्यापासून ते झालं तो मालकसुद्धा फेटा बांधून पुढं. जो तो म्हणतोय, "बापावर गेलाय." अरे, पळताना मान जराशी डावीकडं कलती ठेवायची सवय सारजाची. पाण्यात आधी नाक बुडवून फुरफुरायचं आणि मग प्यायचं, हेही सारजाचंच. रोज तिला पाणी दाखवणाऱ्या मामीला ते ठाऊक होतं, पण मामीला विचारतो कोण? ती आत भाकऱ्या थापत होती, फोटोवाल्यांच्याच.

बापाचं काहीच नसतं असं मी म्हणत नाही. सॅडलर्स वेल्स ब्रिटन-आयर्लंडचा १४ वेळा चॅम्पियन सायर होता, म्हणजे ज्याच्या पोरांनी त्या वर्षी सगळ्यात जास्त बक्षिसं कमावली तो बाप; गॅलिलिओ १२ वेळा. एका नराला वर्षाला शंभराच्या वर घोड्या दाखवतात, घोडी बिचारी वर्षाला एकच शिंगरू देणार, म्हणून नाव नराचं पसरतं. मान्य. पण पसरतं कुणाचं आणि येतं कुठून, यात फरक आहे की नाही?

अर्बन सीच्याही मागं जा. तिची आई अलेग्रेटा. तिनं मोठी शर्यत कधी मारली नाही, आपल्या जाहिरातवाल्यानं तिलाही साधीच म्हटलं असतं. तिचा मुलगा किंग्ज बेस्ट, २००० ची टू थाउजंड गिनीज त्यानं घेतली, म्हणजे गॅलिलिओचा मामा. पुढच्याच वर्षी एप्समच्या डर्बीत गॅलिलिओ आणि फ्रान्सच्या डर्बीत अनाबा ब्ल्यू, दोघंही अलेग्रेटाचे नातू, दोन लेकींची पोरं. आणि त्या रेसवाल्यांत एका बापाच्या शंभर पोरांना भावंडं धरतच नाहीत. आई एक असेल तरच भावंडं. साहेबलोकांना कळलं, आमच्या ग्रुपवाल्यांना कळत नाही.

खरं तर आपल्याला कळत नाही असंही नाही. गंगावेशीत म्हैस घेणारा आधी काय विचारतो? आईला दूध किती होतं. म्हशीला जे विचारता ते घोडीला विचारायला लाज वाटते? आणि ही भाषा कुठं, तर कावळा नाक्यावर घोड्यावरच्या ताराराणींना रोज बघत मोठं झालेल्या कोल्हापुरात!

अर्बन सी मार्च २००९ मध्ये गेली, वीस वर्षांची होऊन, शेवटचं शिंगरू दिल्यावर. सी द स्टार्सची गिनीज मे महिन्यात. त्याचा एकही मोठा विजय व्हायच्या आत ती गेली होती. हे वाचलं की मला गलबलून येतं.

सारजा थकली तेव्हा व्यापारी आला होता. मामाचा सौदा जवळजवळ ठरलेला. मामीनं दावं हातात धरलं आणि चारचौघांत म्हणाली, "हिच्या पोरांच्या जिवावर फेटे बांधलेत, आता हिला विकून काय बांधणार?" मामा गप्प. सारजा शेवटपर्यंत त्याच दारात राहिली. मामाही वाईट नव्हता हो, नंतर तिच्या चाऱ्याला त्यानं कधी कमी केलं नाही. लिहिता लिहिता राग जरा उतरलाय माझा.

तर ज्यांच्या घरी घोडी होती किंवा आहे, त्यांनी खाली तिचं नाव लिहा, रंग लिहा, तिची शिंगरं कुठं गेली ते लिहा. फोटो असेल तर टाका, गुलालाचा नसला तरी चालेल. आणि नुसतं बापाचं नाव लिहून कुणी पळालं, तर मी परत विचारणार आहे.