'बॉबी' नाण्यावर बाळ शोधू नका

स्कॉटलंडच्या जुन्या नाण्यांबद्दल एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्यात म्हटलेलं असतं: 'बॉबी' हे चांदीचं नाणं, राणी मेरी तान्ही असताना तिचा चेहरा त्यावर आला, म्हणून 'बेबी'चं 'बॉबी' झालं, आणि त्याची किंमत पहिल्यापासून अर्धी इंग्लिश पेनी.

आधी बाळाचं बघू. मेरीचा जन्म डिसेंबर 1542चा. बॉबी पाडायला सुरुवात झाली ती तिचे वडील पाचवे जेम्स यांच्या काळात, 1538च्या सुमारास. म्हणजे नाणं बाळापेक्षा वयाने मोठं.

चेहरा तर त्यावर नव्हताच. जेम्सच्या बॉबीवर एका बाजूला मुकुटाखाली थिसलचं काटेरी फूल आणि त्याच्या दोन बाजूंना I (जेम्सच्या लॅटिन नावाचं आद्याक्षर) आणि 5. दुसऱ्या बाजूला संत अँड्र्यूचा तिरपा क्रूस आणि मुकुट. मेरीच्या बॉबीवरही थिसलच, फक्त अक्षरं M आणि R (लॅटिनमध्ये 'राणी मेरी'). बालमेरीचा मुकुटधारी चेहरा खरोखर आहे, पण तो तिच्या पेनीवर. पेनी हे बॉबीपेक्षा लहान, वेगळं नाणं. घोटाळा बहुधा इथूनच झाला असावा. बॉबीवर राजमुखवटा उमटला तो 1677मध्ये, तोही प्रौढ दुसऱ्या चार्ल्सचा.

मग नाव कुठून आलं? 1538मध्ये टांकसाळीचा प्रमुख नेमला गेला अलेक्झांडर ऑरॉक, आणि त्याची जमीनदारी होती सिलेबॉबी इथे. कोशकारही याच दिशेने बोट दाखवतात, मात्र 'बहुधा' हा शब्द न गाळता. टांकसाळीच्या माणसावरून नाण्याला नाव पडणं तिथे नवलाचं नव्हतं: सहाव्या जेम्सच्या आठ पेन्स किमतीच्या नाण्याला लोक 'अ‍ॅचिसन' म्हणत, ते टांकसाळप्रमुख टॉमस अ‍ॅचिसनवरून.

'चांदीचं' हे विधान जास्त महागात पडतं, कारण त्यावर विसंबून लोक खरेदी करतात. जेम्सच्या बॉबीत चांदी साधारण एक चतुर्थांश, बाकी तांबं. हा हिणकस धातू वितळवून पट्ट्या ओतायच्या, त्या ठोकून पातळ करायच्या, कातरीने चकत्या कापायच्या आणि तापवून मऊ करायच्या. तापवताना पृष्ठभागावरच्या तांब्याचं ऑक्साइड होतं. मग टार्टर (द्राक्षाच्या दारूच्या पिंपात जमणारा आंबट क्षार) आणि मिठाच्या पाण्यात चकत्या उकळल्या, की ते ऑक्साइड निघून जातं आणि वर चांदीची पातळ साय उरते. त्यानंतर खालचा ठसा ठोकळ्यात पक्का बसवून, वरचा हातात धरून, हातोड्याचा घाव. टांकसाळीतून बाहेर पडलेलं नाणं त्यामुळे पांढरं दिसे. वापरात ती साय आधी उंचवट्यांवर झिजते: मुकुटाची टोकं आणि थिसलचा गोंडा तांबूस, खोलगट भाग मात्र पांढरट. असा रंग दिसला म्हणून नाणं बनावट ठरत नाही. उलट 'उजळवण्यासाठी' घासलं, तर उरलीसुरली चांदीही जाते. 1677पासूनचे बॉबी निव्वळ तांब्याचे आणि दाबयंत्रावर पाडलेले. त्यांत चांदी शोधण्यात अर्थ नाही.

किमतीचं विधान अर्धं खरं. बॉबी सहा स्कॉटिश पेन्सचा. 1538च्या सुमारास साधारण चार स्कॉटिश पेन्सला एक इंग्लिश पेनी पडे, म्हणजे बॉबी जवळपास दीड इंग्लिश पेनीचा. स्कॉटिश चलन घसरत गेलं आणि 1603मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडचे राजमुकुट एकाच डोक्यावर आल्यानंतर दर बारास एक असा ठरला. तेव्हा कुठे सहा पेन्सचा बॉबी इंग्लिश अर्ध्या पेनीएवढा झाला. तिसऱ्या विल्यमच्या काळात, 1697मध्ये, शेवटचे बॉबी पाडले गेले. 1707मध्ये दोन्ही राज्यांचं एकीकरण झाल्यानंतर स्कॉटिश चलनच संपलं; पण लोक इंग्लिश हाफपेनीला बॉबी म्हणत राहिले, आणि अनेकवचनात 'बॉबीज' म्हणजे नुसतेच पैसे.