दोन स्टारच्या रिव्ह्यूला बंदुकीच्या दुकानाचं उत्तर: .३१५ चा धक्का, रिकाम्या पुंगळ्या आणि ते दोन तास

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. काउंटरवरचा मुलगा "तुम्हाला त्यातलं कळत नाही" असं बोलला, ते चुकलंच. गिऱ्हाईकाशी असं बोलायचं नसतं. त्याबद्दल माफी मागतो, त्यालाही समज दिली आहे.

पण बाकीचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही लिहिलंय की कमी धक्क्याची रायफल मागितली तर आम्ही जुनाट, जड .३१५ बोअरची (म्हणजे नळीच्या मापाची) रायफल गळ्यात मारली आणि खांदा काळानिळा झाला. रिकाम्या पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची कवचं) कमी दारू घालून भरून मागितल्या तर हाकलून दिलं, वर दोन तास बसवून ठेवलं. आणि शेवटी, "शिकारीसाठी या दुकानात जाऊ नका."

दोन तास लागले हे खरं आहे. परवाना आणि त्यावरचा यूआयएन (परवानाधारकाचा नोंदणी क्रमांक) पडताळायचा, रायफलीवरचा नंबर डोळ्यांनी बघून कागदाशी जुळवायचा, रजिस्टर भरायचं, परवान्यावर नोंद करायची. यातलं काही गाळता येत नाही. चहा विचारायला हवा होता, तो विचारला नाही, हेही मान्य. पण "गळ्यात मारली" हा शब्द लागला. त्याबद्दल सविस्तरच लिहितो. जरा लांबेल.

तुम्हाला हलकी रायफल हवी होती आणि धक्काही कमी हवा होता. एकाच काडतुसात या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. गोळी पुढे जाताना रायफल मागे येते. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, त्यात दारूचं वजन गुणिले नळीतून सुटणाऱ्या वायूचा वेग मिळवा. तेवढाच रेटा रायफल मागे घेऊन येते. रायफल जितकी जड, तितकी ती सावकाश मागे येते. तेच काडतूस ३ किलोच्या रायफलीत घातलं आणि साडेतीन किलोच्या रायफलीत घातलं, तर दुसरीत धक्क्याची ऊर्जा सातव्या हिश्शाने कमी भरते. ज्या वजनाला तुम्ही नावं ठेवलीत, तेच वजन तुमचा खांदा वाचवत होतं.

आता बोअरचं. .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे पावणेसोळा ग्रॅमच्या आसपास, आणि वेग सेकंदाला साधारण ६०० मीटर. जड गोळी, बेताचा वेग, दारूही बेताची. साडेतीन किलोच्या रायफलीत तिचा धक्का हिशोबाने २३ ते २५ ज्यूल येतो. शेजारी ठेवलेली .३०-०६ तुम्हाला नवी आणि देखणी वाटली. तिची गोळी १८० ग्रेनची, म्हणजे हलकी, म्हणून धक्का कमी असेल असं तुम्ही म्हणालात. तसं होत नाही. तिच्यात दारू जास्त, आणि वायू गोळीच्याही दीडपट किंवा त्याहून जास्त वेगाने बाहेर पडतो. म्हणून गोळी हलकी असूनही .३०-०६ चा धक्का २७ ज्यूलच्या आसपास जातो, आणि तो येतोही झटकन, थपडेसारखा. .३१५ चा धक्का ढकलल्यासारखा असतो. गावाकडची बारा बोअर बरी होती, असंही तुम्ही लिहिलंय. सव्वातीन किलोच्या दुनळीत छऱ्याचं नेहमीचं काडतूस ३० ज्यूलपर्यंत जातं. उभं राहून एखाद-दुसरा बार काढला की ते जाणवत नाही, एवढंच.

खरोखर कमी धक्का हवा असेल तर .२४३ आहे, तिचा १२ ज्यूलच्या आसपास. तुम्ही मोबाईलवर दाखवलेली ६.५ क्रीडमूर १६-१७ ज्यूलची. २००७ साली आलेलं ते काडतूस चांगलं आहे यात वाद नाही. गोळी लांब आणि निमुळती, त्यामुळे वारा कमी लागतो, लांबवर वेग टिकतो. पण परदेशात ती निवडणारे बरेच लोक काडतुसं घरीच भरतात. दारू, गोळ्या, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) त्यांना दुकानात सुटे मिळतात. आपल्याकडे परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत तयार काडतूसच घ्यावं लागतं. म्हणून बोअर ठरवताना आधी काडतूस वर्षभर कुठं मिळणार ते बघायचं आणि मग धक्का बघायचा, हा क्रम उलटा करून चालत नाही. .३१५ आयुधनिर्माणीची, काडतूसही देशातलंच. क्रीडमूर आमच्याकडे नव्हती आणि नसताना "मागवून देतो" म्हणून ॲडव्हान्स घेतला नाही, ही आमची चूक धरू नका. .२२ मात्र तुम्हाला मुद्दाम दिली नाही. धक्का जवळजवळ नाहीच, पण त्या गोळीने रानडुक्कर पडत नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर उसात घुसलं की सकाळी तोडणीला येणाऱ्या माणसांवर येतं.

आता तुमच्या फोटोबद्दल. राग मानू नका, पण काळानिळा डाग खांद्याच्या खळग्यात नाही, तो दंडावर आहे. म्हणजे दस्ता, रायफलीचा मागचा लाकडी भाग, दंडावर टेकला होता. गळ्याच्या हाडाच्या खाली, छाती आणि खांदा यांच्यामध्ये जो मऊ खळगा आहे, तिथं दस्ता दाबून धरायचा. कोपर थोडं वर उचललं की तो खळगा आपोआप उघडतो. कोपर बरगडीला चिकटवलं की तो मिटतो आणि दस्ता बाहेर दंडावर सरकतो. दस्ता आणि खांदा यांत बोटभर जरी फट राहिली तरी रायफल आधी वेग घेते आणि मग आदळते. ज्यूल तेवढेच असतात, पण ते हातोडीसारखे लागतात.

रेंजवर पालथं पडून सलग दहा राऊंड मारले, असंही तुम्हीच लिहिलंय. उभ्या माणसाचं अंग धक्क्याबरोबर मागे जातं, पालथ्या माणसाला मागे जायला जागाच नसते, सगळा भार खांद्यावर येतो. नव्या रायफलीचा नेम बसवताना तीन राऊंड मारायचे, नळी गार होऊ द्यायची, मग पुढचे तीन. खांदा आणि दस्ता यांत दुमडलेला टॉवेल ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. चौथ्या-पाचव्या राऊंडनंतर माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो आणि अंग चोरतो, मग गोळी कुठं जाते त्याला काही अर्थ उरत नाही.

आणि दादा, दस्त्याच्या बुडाला रबरी पॅड बसवून न्या असं त्याच दिवशी सांगितलं होतं. पॅड इंचभर, म्हणजे अडीच सेंटिमीटर जाड असतो. तो नुसता मागे चिकटवला तर दस्ता तेवढा लांब होतो, जॅकेट घातल्यावर काखेत अडकतो आणि पुन्हा दंडावरच जातो. म्हणून आधी लाकूड तेवढं कापावं लागतं. माप सोपं आहे. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं बूड कोपराच्या आतल्या घडीत टेकवायचं, तर्जनीचं पहिलं पेर घोड्यावर आलं पाहिजे. बहुतेकांना ३४-३५ सेंटिमीटर पुरतात. कापणं, पॅडच्या कडा घासणं, स्क्रू बसवणं यात अर्धा दिवस जातो. तुम्ही म्हणालात, शिराळ्याला परत जायचंय, आजच द्या. मग आम्ही तशीच दिली. तिथं आम्ही हट्ट धरायला हवा होता, हे कबूल करतो.

रिकाम्या पुंगळ्यांचं जाहीरच लिहितो, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून आणखी कुणी पिशवी घेऊन येईल. आम्ही काडतुसं भरून देत नाही, कधीच दिली नाहीत, देणार नाही. काडतूस बनवायला शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो, आणि त्याशिवाय घरी भरणंही गुन्हाच आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी "दारू अर्धी घाला, म्हणजे धक्का अर्धा होईल" हे जिवावर बेतणारं आहे. मोठ्या पुंगळीत मंद जळणारी दारू थोडीच घातली की ती आडवी पसरते, प्रायमरची ठिणगी वरून सगळीकडे एकदम लागते आणि कधीकधी दाब कमी व्हायच्या ऐवजी भलताच चढतो. किंवा उलट होतं, गोळी नळीत मध्येच अडकते, आवाज बारीक येतो, माणूस काडतूस फुसकं गेलं समजून दुसरं घालतो आणि नळी फाटते. शिवाय वापरलेली पुंगळी बुडाच्या थोडं वर ताणलेली असते. तिथं चकचकीत रेघ दिसू लागली की पुढच्या बाराला बूड वेगळं होऊन गरम वायू तोंडावर येऊ शकतो. तुम्हाला नाही म्हटलं ते तुमच्या डोळ्यांसाठी. मुलाने ते नीट समजावून सांगायला हवं होतं, त्याने नुसतं "बाहेर" म्हटलं.

शेवटी तो शब्द. "शिकार." दादा, आमचं दुकान परवान्यावर चालतं आणि त्यावर चार घरं जेवतात. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. तुमचा परवाना पीकसंरक्षणाचा आहे, आणि तो असला तरी रानडुकरावर गोळी झाडायला वन विभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. तुमचं रान चांदोलीच्या बाजूला. त्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर पाऊलही टाकू नका. गवा उसात आला तरी त्याच्यावर नेम धरायचा नाही, तो त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. वन खात्याला फोन करायचा. हे सगळं त्या दिवशीही सांगितलं होतं.

यापुढे घाईच्या वेळी काउंटरवर दुसरा माणूस ठेवायचं बघतो, बोअर आणि धक्क्याचा एखादा तक्ताही भिंतीवर लावू. तुमच्या रायफलीला पॅड बसवून देतो. पॅडचे तेवढे पैसे द्या, मजुरी घेणार नाही. येताना मूळ परवाना आणा, रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, कव्हरमध्ये आणा. आणि सकाळी लवकर या, म्हणजे संध्याकाळपर्यंत घेऊन जाता येईल.

स्टार दोनच ठेवा, हरकत नाही. "शिकारीसाठी" हा शब्द तेवढा काढून "पीकसंरक्षणासाठी" असा करा, ही हात जोडून विनंती.