ढालकिडा दिसला म्हणजे माल विषमुक्त?

शिरोळ-हातकणंगलेकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'आंतरप्रवाही औषध फक्त रस शोषणाऱ्या किडीला मारतं. मावा मेला की विष तिथंच संपलं. ही औषधं डीडीटीसारखी साठत नाहीत, म्हणून अन्नसाखळीत पुढं जात नाहीत. रानात ढालकिडे दिसले तर माल विषमुक्त समजा.' ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड, मावा खाणारा मित्रकीटक. मेसेजमधली साठण्याची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि तिच्या जोरावरच बाकीचं खपतंय.

'फक्त रस शोषणाऱ्या किडीला'

इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम ही आंतरप्रवाही औषधं पाण्यात विरघळतात आणि झाडाच्या रसात उतरतात. तो रस प्यालेला मावा लगेच मरतोच असं नाही. सुस्तावलेला मावा ढालकिड्याच्या अळीला आयताच सापडतो. तो खाल्ला की अळी थरथरते, उताणी पडते, तिला पुन्हा पालथं होता येत नाही. न मेलेल्या अळीचंही खाणं मंदावतं.

मावा आणि पिठ्या ढेकूण जो चिकटा (गोड चिकट द्रव) सोडतात, त्यातूनही विष बाहेर येतं. स्पेनमधल्या संशोधकांनी 2019 साली हे दाखवलं. थायामेथॉक्झाम दिलेल्या लिंबूवर्गीय झाडांवर पिठ्या ढेकूण सोडले, त्यांचा चिकटा सिरफिड माशी आणि परोपजीवी गांधीलमाशीला खायला दिला, तर दोन्ही मित्रकीटक मोठ्या प्रमाणावर मेले. इथं त्यांनी कीड खाल्लीसुद्धा नव्हती.

'मावा मेला की संपलं'

मुळात विष पुढं जायला कीड मरावी लागतच नाही. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थायामेथॉक्झामची बीजप्रक्रिया केलेली सोयाबीनची रोपं बिनशंखी गोगलगायींनी खाल्ली. गोगलगाय कीटक नव्हे, तिला काही झालं नाही. पण तिला खाणारे जमिनीवरचे भुंगेरे 60 टक्क्यांहून जास्त मेले किंवा लुळे पडले. भक्षक घटले, गोगलगायी वाढल्या, उत्पादन 5 टक्क्यांनी कमी आलं. आपल्याकडं सोयाबीनला लावतात ते थायामेथॉक्झाम 30 एफएस (किलोला 10 मिली) याच घटकाचं. खोडमाशीचा त्रास असेल तिथं ते जरूर लावा. पण गोगलगायींवर त्याचा उपयोग नाही, उलट भुंगेरे जातात.

'डीडीटीसारखं साठत नाही'

कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये 1949 पासून चिलटं मारायला डीडीटीचाच भाऊबंद डीडीडी टाकला. पाण्यात तो दशलक्ष भागांत 0.02 होता, पाणडुबी पक्ष्याच्या चरबीत 1,600 निघाला. इमिडाक्लोप्रिड असं पायरीपायरीनं वाढत नाही, कारण ते चरबीत मुरत नाही. मान्य. पण वाढत न जाणं वेगळं आणि पुढं न जाणं वेगळं. एका घासातली मात्रा अळीला पुरेशी असेल, तर साठायची गरजच काय? शिवाय 'ही औषधं' म्हणून सगळी एका दावणीला बांधता येत नाहीत. उसात दाणेदार रूपात पडणारं फिप्रोनिल चरबीत विरघळणारं आहे, आणि त्याच्या विघटनातून होणारं सल्फोनही विषारी आणि चिवट.

'ढालकिडे दिसले तर विषमुक्त'

प्रौढ ढालकिडा आज सकाळीच शेजारच्या मक्यातून उडत आला असेल. मित्रकीटक टिकलेत का, हे बघायचं तर फवारणीआधी, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बांधापासून आत विखुरलेली 20 झाडं घ्या. पानं उलटून ढालकिड्याच्या अळ्या, कोष आणि क्रायसोपा या मित्रकीटकाची बारीक देठावरची अंडी मोजा. उसात लोकरी माव्याजवळ तो खाणाऱ्या डिफा किंवा मायक्रोमस या मित्रकीटकांच्या अळ्या दिसत असतील तर फवारणी थांबवा. 2002 च्या उद्रेकानंतर तो मावा आटोक्यात आणण्यात याच किड्यांचा मोठा वाटा होता.

अळ्या भरपूर सापडल्या तरी मालात अंश नाही, हे सिद्ध होत नाही. फ्लोनिकामिडसारखं मावा मारणारं औषध ढालकिड्याला फारसं बाधत नाही, पण फळात त्याचा अंश राहू शकतो. त्यासाठी लेबलवरचा प्रतीक्षा काळ (फवारणी ते तोडणी यातले दिवस) पाळायचा आणि शंका असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्यायचा. वांग्याची किमान 10 फळं, एकूण किलोभर, वेगवेगळ्या सरींतून तोडलेली. न धुता, कारण धुतलेल्या फळावरचा अंश कमी दिसतो.