‘पैसे टाका, ग्रीन कार्ड घ्या’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

अमेरिकेच्या ईबी-५ व्हिसावरच्या (तिथल्या धंद्यात ठरावीक रक्कम गुंतवून आणि दहा नोकऱ्या निर्माण करून ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळवण्याची योजना) लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘हे सगळं एजंटांचं गुणगान. पैसे टाका, ग्रीन कार्ड घ्या, बाकी दहा नोकऱ्या कागदावरच. टीसीएस आणि भारतीयांची रांग याबद्दल मात्र सोयीस्कर मौन.’ (टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर, रांग म्हणजे व्हिसा मिळायची.) टीका करा, हरकत नाही. पण एजंटाचं कमिशन गुंतवणूकदाराला लेखी कळवणं २०२२च्या कायद्याने बंधनकारक केलंय, ते मागून घ्या, असं ज्या लेखात लिहिलंय त्याला गुणगान म्हणायचं, म्हणजे तुम्ही फक्त शीर्षक वाचलंत.

एक मान्य. किमान गुंतवणुकीच्या ८ लाख डॉलरमध्ये रीजनल सेंटरची (अनेक गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र करून प्रकल्पात लावणारी सरकारमान्य संस्था) प्रशासकीय फी धरलेली नसते, ती वेगळी भरावी लागते. हे लेखात तळाशी होतं, वर हवं होतं. झालं समाधान?

आता ‘पैसे टाका’. या अर्जांची कागदपत्रं लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, त्यामुळे हे वाक्य मला जरा जास्तच झोंबतं. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात ८ लाख, इतरत्र साडेदहा लाख डॉलर. ही रक्कम बुडू शकेल अशीच गुंतवावी लागते. ‘अमुक वर्षांनी मुद्दल परत, आमची हमी’ असा करार असेल तर ती गुंतवणूक धरतच नाहीत, कर्ज समजतात आणि अर्ज फेटाळतात. आणि पैसे तुमचेच आहेत हे पुरेसं नाही, ते कुठून आले आणि कोणत्या खात्यांतून फिरत गेले हे शेवटच्या टप्प्यापर्यंत दाखवावं लागतं. सात वर्षांची कर विवरणपत्रं लागतात. जमीन विकली असेल तर सातबारा, खरेदीखत, बँकेत जमा झाल्याची नोंद. खरेदीखतात ६० लाख आणि बाकीचे ‘वरचे’ रोख, असा व्यवहार असेल तर ते वरचे पैसे या कामासाठी शून्य. सासऱ्यांनी बक्षीस दिले असतील तर सासऱ्यांचीही तीच चौकशी.

नोकऱ्या कागदावर? स्वतःचा धंदा काढलात तर प्रत्येक गुंतवणूकदारामागे दहा पूर्णवेळ जागा, म्हणजे आठवड्याला किमान ३५ तास. २० तासांची दोन माणसं मिळून एक होत नाही. एकच पूर्णवेळ जागा दोघांत रीतसर वाटून दिली असेल तरच धरतात. तुम्ही, जोडीदार आणि मुलं मोजत नाहीत. एच-१बीवरचा माणूस पगारपत्रकावर दिसला तरी मोजत नाहीत, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक वगैरेच हवेत. चालू मोटेल विकत घेतलंत आणि तिथे १४ जण पूर्णवेळ कामाला आहेत, तर एकूण २४ करावे लागतात. ते १४ तुमच्या खात्यात येत नाहीत. तोट्यातला धंदा वाचवल्याची वेगळी सवलत आहे, पण त्यासाठी धंद्याच्या निव्वळ मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) किमान २० टक्के तोटा झाल्याचं सिद्ध करा. मोटेल आणि रेस्टॉरंटवाले पूर्णवेळच्या अटीतच फसतात, कारण त्यांचे निम्मे लोक अर्धवेळ असतात.

रीजनल सेंटरमध्ये अप्रत्यक्ष नोकऱ्याही चालतात, गरजेच्या ९० टक्क्यांपर्यंत. त्या अर्थशास्त्रज्ञाच्या गणितातून येतात, इथे तुमच्या ‘कागदावर’ या शब्दाला थोडा आधार आहे. पण ते गणित प्रत्यक्ष झालेल्या खर्चावर चालतं. बांधकाम रखडलं, पैसा खर्चच झाला नाही, तर नोकऱ्याही नाहीत. म्हणून १०० गुंतवणूकदारांच्या प्रकल्पात १०१० नोकऱ्या दाखवल्या असतील तर मी त्याला हात लावू नका म्हणतो. लागतात १०००, वरच्या फक्त १० म्हणजे काहीच नाही. आय-९५६एफ (प्रकल्पाच्या मंजुरीचा अर्ज) मंजूर आहे असं सांगून कोणी गप्प बसवत असेल तर बसू नका. ती मंजुरी प्रकल्पाच्या आराखड्याला असते, नोकऱ्या प्रत्यक्ष होतील याची खात्री तिच्यात नसते.

आणि मिळतं ते आधी दोन वर्षांचं सशर्त कार्ड. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-८२९ (कार्डावरची अट काढण्याचा अर्ज) भरायचा, तिथे गुंतवणूक आणि नोकऱ्या पुन्हा तपासतात. विकत घेतलेल्या वस्तूची अशी दोनदा झडती होते का, तुम्हीच सांगा.

टीसीएस : १० लाख रुपयांच्या वर २० टक्के कापतात, विवरणपत्रात वळता होतो, पैसा अडकतो, जात नाही. एलआरएसची (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणून नवरा-बायको दोघंही मार्चअखेर आणि पुन्हा एप्रिलच्या सुरुवातीला पाठवतात. रांग : व्हिसाच्या सर्वसाधारण कोट्यात भारतीयांची आहेच, म्हणून लोक ग्रामीण प्रकल्पांच्या २० टक्के राखीव कोट्याकडे जातात. हे ‘मौन’ लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. वाचा, मग लिहा, आणि जमलं तर खऱ्या नावाने.