वडसाच्या ऑपरेशनबद्दल आपण लिहिलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. वडिलांच्या डोळ्यावरचा वडस, म्हणजे पांढऱ्या भागावरून बुबुळावर चढणारा मांसल पडदा, आमच्या चिकोडीच्या दवाखान्यात काढल्यानंतर आपण लिहिलंय, की पंधरा मिनिटांचं काम सांगून पाऊण तास लावला, चांगल्या जागेलाही कात्री लावली, टाके घातलेच नाहीत, वडसाच्या जागी लावलेला पातळ आवरणाचा तुकडा चौथ्या दिवशी सरकला, आणि दुसरीकडे हेच निम्म्या पैशांत होतं. वडिलांचे कागद इथे उघड करणार नाही. आपण स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी आमची चूक. घरी नेण्याचा सूचनांचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. मराठी वाचणाऱ्या घराला तो देऊन आम्ही तोंडी सांगण्यावर भागवलं. झोपताना डोळ्यावर प्लास्टिकचं झाकण लावायचं, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची सूचना होती आणि तीच आपल्यापर्यंत पोचली नाही. पहिल्या आठवड्यात झोपेत डोळा चोळला गेला की तुकडा सरकतो. ही जबाबदारी आमची. आता कागद मराठीतही छापला आहे. काउंटरवर सांगितलेली पंधरा मिनिटंही चूकच. या पद्धतीला अर्धा ते पाऊण तास लागतो.

चांगल्या जागेला कात्री मात्र मुद्दामच लावली. वडस नुसता खरवडून खालचा पांढरा भाग उघडा सोडला तर काम झटपट आणि स्वस्तात होतं. पण तसं केल्यावर निरनिराळ्या अभ्यासांत 100 पैकी 30 ते 80 जणांना वडस परत आलेला दिसतो. परत आलेला जास्त चिवट असतो, कधी डोळा बाहेरच्या बाजूला नीट वळतही नाही. म्हणून वरच्या पापणीखालचं पातळ आवरण काढून त्या जागी लावतात. मग हे प्रमाण साधारण 5 ते 15 वर येतं. तुकडा आकसतो, म्हणून मोकळ्या जागेपेक्षा सुमारे 1 मिमी मोठा घ्यावा लागतो. त्याच्या खालचा टेननचा थर, म्हणजे आवरणाला चिकटलेला तंतूंचा पडदा, पूर्ण सोडवावा लागतो, आणि बुबुळाकडची कड बुबुळाकडेच बसवावी लागते. वेळ जातो तो इथे. जिथून तुकडा घेतला ती जागा आपोआप भरून येते.

टाक्यांऐवजी फायब्रिन ग्लू, म्हणजे तुकडा चिकटवणारा वैद्यकीय डिंक, वापरला. त्याने टोचणी, पाणी गळणं कमी होतं आणि ऑपरेशनही लवकर उरकतं. बिलातला मोठा फरक त्याच कुपीचा. पण सुरुवातीच्या दिवसांत ग्लूची पकड टाक्यांइतकी भक्कम नसते. हे दोन्ही पर्याय पैशांसकट आधी समोर ठेवायला हवे होते.

आता वडिलांसाठी. तीन-चार आठवडे लाली राहिली तर घाबरू नका, पण ती रोज कमी व्हायला हवी. दुखणं वाढलं, नजर अंधूक झाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी या. स्टेरॉइडचा ड्रॉप आम्ही लिहिलाय तसाच हळूहळू कमी करायचा. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पुन्हा आणू नका. त्याने काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो आणि दुखतही नाही, म्हणून तपासणी चुकवू नका. उसाचा पाला डोळ्याला लागला तर हा ड्रॉप अजिबात घालू नका. पाल्याच्या जखमेत बुरशी धरते आणि स्टेरॉइडने ती फोफावते. बुबुळ वाचवणं मग फार अवघड होतं.

चष्मा सहा ते आठ आठवड्यांनी. वडस बुबुळाला ओढून धरतो, तो निघाला की नंबर बदलतो. आज केलेला चष्मा वाया जाईल. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर तेही बुबुळाची मापं स्थिर झाल्यावरच. वडस परत यायचा तर बहुतेक पहिल्या वर्षातच येतो, म्हणून वर्षभर दाखवत राहा. शेतात जाताना रुंद काठाची टोपी आणि बाजूनेही झाकणारा गॉगल हवाच.

तुकडा परत बसवण्याचे पैसे घेणार नाही. बिल घेऊन या, ग्लूची रक्कम वेगळी काढून दाखवतो.