पिन, पट्टा, पुली आणि काकूंचा मिक्सर

रेकॉर्ड प्लेयर असलेल्या माणसाला लोक विचारतात, काय मग, काय ऐकतोस हल्ली? मी टिक ऐकतो. खर्र ऐकतो. मधूनच एक बारीक घुंऽऽ ऐकतो आणि गाणं तसंच चालू ठेवून जमिनीवर पालथा पडून वायरी चाचपत बसतो. गाणी ऐकायला मिळत नाहीत असं नाही, पण ती मधल्या वेळात. मुख्य काम म्हणजे आत्ता जो आवाज आला त्याचा आरोपी शोधणं. रेकॉर्डवर चरा आहे का, पिनेला कचरा लागलाय का, पट्टा सैल झालाय का, की काहीच नाही आणि नुसता फ्रिज चालू झाला (फ्रिज चालू झाला तरी स्पीकरमधून टक् होतं, हे जोवर माहीत नव्हतं तोवर मी सुखी होतो).

बरं, हा सगळा तपास गिरगावातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जमिनीच्या खोलीत.

प्लेयर आला न्यू जर्सीहून. मामेभावाने बेसमेंट रिकामं करताना "तुला आवड आहे ना" म्हणून माझ्या गळ्यात मारला आणि मामीने तो साड्यांमध्ये गुंडाळून बॅगेतून आणला, त्यापायी कुणाकुणाची चॉकलेटं तिकडेच राहिली हे अजून प्रत्येक लग्नाकार्यात ऐकवलं जातं. अमेरिकन यंत्र, म्हणजे १२० व्होल्टचं. लॅमिंग्टन रोड आम्हाला चालत, तिथून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला, लावला, थाळी फिरायला लागली, घरचे सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत, आणि लताबाईंनी जो काही सूर लावला तो ऐकून आई पोळी तव्यावर टाकून बाहेर आली. म्हणाली, "हिला बरं नाहीये का रे?"

झालं असं होतं की ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकलना हात लावत नाही. तिकडची वीज सेकंदाला ६० सायकलची, आपली ५०, आणि या जातीच्या मोटरी सायकल मोजून फिरतात, व्होल्टेज किती का असेना. त्यामुळे मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे मारायचे ती थाळी धड २८ पण मारत नव्हती. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर काळी पाचचं गाणं थेट पांढरी पाचात, आणि वर थोडं आणखी खाली. रफीसाहेबांची रेकॉर्ड लावून बघितली, त्याबद्दल न बोललेलं बरं.

उपाय एकच, मोटरच्या टोकाला जी छोटी पुली असते तिची जाडी एक पंचमांशाने वाढवायची, म्हणजे तेवढाच पट्टा जास्त ओढला जातो आणि थाळी वेग पकडते. अशी पुली विकत मिळेल तेव्हा मिळेल, मी नळबाजाराच्या बाजूला एका लेथवाल्या चाचांना गाठलं. ते पितळेची नळी हातात फिरवत म्हणाले, "पंप का है?" म्हटलं नाही, गाने का. त्यांनी चष्मा पुसला, कॅलिपर बदलला आणि म्हणाले, "गाने का है तो फिर बराबर मंगता." सगळ्या प्रकरणात गाण्याचा मान ठेवणारा हा एकच माणूस भेटला.

पुली बसली. आता वेग बरोबर आलाय हे कळणार कसं? त्यासाठी स्ट्रोबची चकती असते, कागदाची, तिच्यावर गोलाकार १८० काळ्या रेघा. ती फिरत्या थाळीवर ठेवायची आणि ट्यूबलाइटखाली बघायची. आपल्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आपल्या डोळ्याला कळत नाही, पण वेग बरोबर असला की त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, कमीजास्त असला की पुढे नाहीतर मागे सरकायला लागतात. इतकं सोपं. फक्त आमच्या घरात ट्यूब नाही, सगळे एलईडी, आणि आमच्या एलईडीखाली रेघांचा नुसता करडा लगदा दिसतो. चाळीत चौकशी केली तर प्रत्येकाने वीजबिल वाचवलेलं. चोकवाली जुनी ट्यूब उरली होती एकाच ठिकाणी, मजल्याच्या टोकाला, सार्वजनिक संडासाच्या पॅसेजमध्ये.

मग काय. रात्री जेवणं आटपल्यावर स्टूल नेलं, त्यावर प्लेयर, खाली ट्रान्सफॉर्मर, एक्स्टेंशन बोर्डाला एक्स्टेंशन बोर्ड जोडत कॉमन गॅलरीतून वायर, आणि मी वाकून रेघा बघतोय. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतले नाना बादली घेऊन आले.

"सत्यनारायण इथे मांडलास होय रे?"

"नाही नाना, वेग तपासतोय."

"कुणाचा?"

यावर पॅसेजमध्ये जे हसू झालं त्याने लोक दारं उघडून बाहेर आले आणि मग तिथेच रांगेतल्या सगळ्यांना मी स्ट्रोब समजावून सांगितला, रेघा उभ्या राहिल्या तेव्हा नानांनी बादली खाली ठेवून टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण तेव्हापासून मला कुणी तब्येत विचारत नाही, वेग विचारतात.

लाकडी जमिनीचं एक आहे, तिच्यावर पाऊल लपत नाही. कुणी पलंगावरून उतरलं की पिन दोन अंतरे ओलांडून पुढे. काही काळ घरात नियम होता की गाणं चालू असताना चालायचं नाही, मुलगी मोरीपर्यंत चवड्यांवर जायची, मग बायको म्हणाली, "माझ्याच घरात मी नाटकातल्या भुताची एंट्री घ्यायची का?" मुद्दा बरोबर होता. जाणकार सांगतात की अशा वेळी प्लेयर जमिनीवरच्या टेबलावर ठेवायचाच नाही, भिंतीला कप्पा ठोकायचा. जुनी भिंत, विटांची, चांगली हातभर जाड. सुतारमामांनी पाणसळ लावून कप्पा अगदी सपाट बसवला. आता खोलीत लेझीम खेळा, पिन हलणार नाही. हलली. रोज साधारण साडेसातला. कारण त्याच भिंतीच्या पलीकडे शेजारच्या काकूंचा कडाप्पा आहे, आणि कडाप्प्यावर मिक्सर, आणि साडेसातला चटणी.

काकूंना भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे मग आधी नाही का सांगायचं, तू कधी लावणार ते बोल, मी त्याप्रमाणे वाटीन." तेव्हापासून आमच्या ऐकण्याचं वेळापत्रक काकूंकडे असतं. संध्याकाळी भिंतीवर टकटक होते आणि पलीकडून आवाज येतो, "आज विलंबित आहे का रे? मग मी डोशाचं आत्ताच वाटून घेते."

धुण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय निघाला की आमच्याकडे वातावरण तापतं. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डी मिळतात त्यांच्यावर निम्म्या मुंबईच्या पावसाळ्यांची बुरशी असते. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर, केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, आणि खोबणीच्या दिशेने गोल गोल, मधलं लेबल भिजू द्यायचं नाही. ७८ आरपीएमवाल्या जुन्या रेकॉर्डीला मात्र अल्कोहोल अजिबात नाही, त्या लाखेच्या, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आजोबांच्या काळचा गवई फडक्यावर येतो. धुऊन झालं की वाळवायच्या कुठे? तर बारा इंची एलपी उभी राहायला देवाने एकच जागा केलीये, ती म्हणजे स्वयंपाकघरातलं ताटाळं. तंतोतंत बसते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा कामवाल्या मावशींनी बायकोला विचारलं, "ताई, ही काळी ताटं पण घासायचीत का?" आणि बायकोने उत्तर द्यायला जो वेळ घेतला त्यात माझं आयुष्य डोळ्यांसमोरून गेलं.

पिन बसवणं हे तर वेगळंच शास्त्र. ती कुठल्या कोनात बसली पाहिजे त्याचा एक छापील नकाशा मिळतो, तो बरोब्बर मापात छापावा लागतो, मिलिमीटरचा फरक चालत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने प्रेमाने प्रिंट हातात दिली, "दादा, कडेला जागा सुटत होती, फिट टू पेज करून दिलंय, मस्त बसलंय." नंतर पिनेचा भार, माझ्या पिनेला तो दोन ग्रॅमच्या आसपास लागतो, त्यासाठी गल्लीतल्या सोनारांचा छोटा काटा मागून आणला. ते म्हणाले, दोन ग्रॅमचं काय करताय? म्हटलं, आजच्या भावात आमच्या घरात दोन ग्रॅम भरेल असं ते एकच आहे.

इतकं सगळं केल्यावर, म्हणजे वेग बरोबर, कप्पा सपाट, पिन कोनात, काकू निवांत, मी एक कोरी रेकॉर्ड मागवली. जुन्या ख्यालगायनाचं नवीन प्रेसिंग (म्हणजे साच्यात नव्याने दाबून काढलेली प्रत), १८० ग्रॅम, जाडजूड, किंमत बायकोला सांगितली त्याच्या दुप्पट. लावली. तानपुरा सुरू झाला आणि षड्ज डोलायला लागला. हलकासा वर, हलकासा खाली, वर, खाली. संशय अर्थातच चाचांच्या पुलीवर. पण दमदमला, म्हणजे कोलकात्याच्या एचएमव्ही कारखान्यात, प्रेस झालेली घरातली जुनी एलपी लावली तर षड्ज ठाम. पुली निर्दोष सुटली. नव्या रेकॉर्डकडे वरून बघितलं तर पिनेचा दांडा झोका घेत होता, डावीकडे उजवीकडे, एका फेऱ्याला एक झोका, म्हणजे दर १.८ सेकंदाला. मधलं भोकच मधोमध नव्हतं. अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी स्वर हलतो, आणि जितकं आत जाल तितका जास्त. ढोलकीच्या गाण्यात एखाद्याला कळलंही नसतं, पण इथे तानपुरा आहे हो, त्याचं कामच न हलणं आहे.

दुसऱ्या बाजूला आणखी मजा. मध्यलयीत कुणीतरी मागे बसून सावकाश वर्तमानपत्र फाडतंय असा आवाज. हा धुळीचा नाही. प्रेसमध्ये गरम प्लॅस्टिक खोबणीत नीट भरलंच गेलं नाही की असं होतं, बॅटरी मारून तिरकं बघितलं की तिथे ठिपके ठिपके दिसतात. धुऊन जात नाही, तरी धुतली, कारण पुढे कंपनीवाले विचारणार हे माहीत होतं. शेवटची भैरवी चरचरत होती ते मात्र मी तक्रारीत लिहिलं नाही. बाहेरच्या फेऱ्यात पिनेखालून ९० सेंटिमीटरच्या वर खोबण जाते, आतल्या फेऱ्यात चाळीसहून कमी, वेळ तेवढाच, त्यामुळे आत स आणि श ची दाटीवाटी होते आणि ते कानात टोचतात. आता मैफलीत भैरवी शेवटी, म्हणून रेकॉर्डवर पण शेवटी, सगळ्यात वाईट जागी. ज्यांनी एलपीसाठी क्रम लावले त्यांनी एकदा तरी ही रीत मोडायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी काकूंनाही सांगितलंय.

कस्टमर केअरला चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, "सर, डॅमेजचा फोटो पाठवा." म्हटलं, डॅमेज दिसत नाही, ऐकू येतं. "ओके सर, मग आवाजाचा फोटो पाठवा." व्हिडिओ काढून पाठवला, फिरणारी रेकॉर्ड, हलणारा दांडा, डोलणारा षड्ज. "सर, यात मागे ट्रेनचा आवाज येतोय, तो प्रॉब्लेम आहे का?" चर्नी रोडची लोकल कंपनीच्या अखत्यारीत येत नाही हे मी मान्य केलं. शेवटी बदलून दिली. बदलून आलेली डोलत होती, तेवढीच. कारण उघड आहे, साचाच मधोमध लावलेला नसेल तर त्या साच्यातून निघालेल्या सगळ्या रेकॉर्डी एकाच तालात डुलणार, त्या कितीही वेळा बदला. हेही मी सविस्तर लिहून कळवलं, आकृतीसकट, आणि मला वाटतं आकृतीमुळेच पुढचं पार्सल लवकर आलं.

उघडलं. सपाट. दांडा स्थिर. सुरुवातीच्या खोबणीत अशी शांतता की मी स्पीकर चालू आहेत ना बघून आलो. काकूंनी मिक्सर थांबवला होता. घरातले सगळे बसले. आणि घंटा वाजल्या, सिंथेसायझर सुरू झाला, आणि बायकांचा एक कोरस इंग्रजीत नाताळच्या शुभेच्छा द्यायला लागला. कव्हर तेच, लेबल तेच, गवयाचं नाव तेच, राग तोच. साचा दुसऱ्याचा लागला होता.

यावेळी फोनच केला.

"मॅडम, यावर वेगळंच गाणं आहे."

"ओके सर. आवाज हलतोय का?"

"नाही."

"खरखर?"

"नाही, खरखर नाही, एकदम स्वच्छ आहे, पण..."

"थँक यू सर, मग तुमची कम्प्लेंट रिझॉल्व्ह झाली म्हणून क्लोज करते हं."